लेथवर की-वे मारायला घरगुती स्लॉटर: रॅकवर जोर द्यावा की वेगळी तरफ करावी?

खानापुरी_टर्नर
नमस्कार मंडळी. खानापूर भागात माझं लहान वर्कशॉप आहे. साडेचार फुटी लेथ, बेंच ड्रिल, वेल्डिंग आणि हँड ग्राइंडर, एवढाच संसार. कामं आसपासच्या गावांतली: भात गिरणीच्या पुल्या, कडबा कुट्टीचे गिअर, पंपाची कपलिंगं. बोअर (मधलं भोक) मारतो, फेस (तोंड) मारतो, खरं की-वे, म्हणजे पुली शाफ्टाला धरणाऱ्या चावीसाठी भोकात आतून पाडायचा लांब चर, आला की जॉब पिशवीत घालून बेळगावला उद्यमबागेत पळायचं. तिथं स्लॉटिंगवाल्याकडं मोठ्या कंपन्यांचा माल लागलेला असतो, आमची एक पुली कोण आधी घेणार? सुगीच्या दिवसांत गिरणी बंद ठेवून माणूस दारात बसलेला असतो.

आता प्रश्न. लेथवरच बोरिंग बारला टूल आडवं लावून, चक (जॉब धरणारे जबडे) फिरू नये असा बांधून, कॅरेजचं (बेडवर सरकणाऱ्या भागाचं) चाक पुढंमागं फिरवून की-वे मारतात हे मी पाहिलंय. माझा जॉब नेहमीचाच: बिडाची पुली, बोअर २८, चावी ८ × ७, हबची (मधल्या जाड भागाची) लांबी ५०, सगळं मिमीत. अशानं रॅक आणि पिनियन (कॅरेज सरकवणारी दातेरी पट्टी आणि तिच्यावरचं दातेरी चाक) खराब होईल काय? का त्यापेक्षा वेगळी तरफेची जोडणी करावी? कुणी केली असेल तर मापासकट सांगा.

वडगाव_लूम
कशाला नसती उठाठेव! पुली सकाळच्या गाडीनं पाठवा, संध्याकाळी घेऊन या. स्लॉटिंग मशीनला पाच मिनिटं लागतात.

खानापुरी_टर्नर
पाच मिनिटं मशीनची, मान्य. बाकीचा दिवस कुणाच्या खिशातून जातो?

उद्यमबाग_रिटायर
खानापूरकर, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर सरळ आहे. एखाद-दुसरा बिडाचा जॉब कॅरेजच्या चाकावर चालतो. रोज करायचं असेल तर नको.

कारण आकड्यातच बघा. टूलची रुंदी ८, एका स्ट्रोकला ०.०५ मिमी कट. म्हणजे कटाचं क्षेत्र ०.४ चौरस मिमी. मऊ पोलादाला एवढ्या पातळ चिपेवर चौरस मिमीमागं ढोबळ ३००० न्यूटन तरी धरावे लागतात. म्हणजे १२०० न्यूटन, साधारण १२० किलोचा रेटा. बिडाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. लेथचं रॅक-पिनियन कॅरेज हलवायला दिलेलं असतं, असला रेटा सोसायला नाही. त्यात आपण की-वे मारतो ते नेहमी चकाजवळच्या त्याच वीतभर जागेत. म्हणजे रॅकचे तेच ते दात झिजणार. पुढं हातानं टर्निंग करताना कॅरेज तिथं आलं की चाकाला गचका जाणवायला लागतो, आणि मग रॅकचा तुकडा बदलत बसायचं.

तरफ लावलीत तर हा सगळा रेटा तरफेच्या खुंटीवर आणि क्रॉस स्लाइडवर (कॅरेजवरच्या आडव्या सरकणाऱ्या भागावर) जातो. कॅरेज बेडला लॉक करून ठेवायचं, ते हलतच नाही. तरफेचं प्रमाण १ ला ५ ठेवलं तर पोलादात हाताला २५ किलोच्या आसपास लागतं, बिडात बारा-पंधरा. अंगमेहनत आहे, खरं माणसाला जमण्यासारखी.

निपाणी_शेपर
अण्णांशी सहमत, पण एक पर्याय राहिला. जुना शेपर (टूल पुढंमागं नेऊन धातू तासणारं यंत्र) बघा की. आमच्या निपाणीकडं आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या वर्कशॉपातनं शेपर निघतात, सीएनसी आल्यावर कुणाला नकोत. शेपरच्या क्लॅपर बॉक्सला (टूल धरणाऱ्या बिजागरीच्या भागाला) लांब बार लावला की आतला की-वे आरामात येतो, आणि परतीच्या स्ट्रोकला टूल आपोआप उचलतं. लेथ मोकळा राहतो हा फायदा वेगळाच.

खानापुरी_टर्नर
शेपर ठेवायला जागा कुठाय दादा? दुकानात आत्ताच लेथ आणि वेल्डिंगच्या मधून आडवं होऊन जावं लागतंय. शिवाय आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. एका मशीनचा गंज काढता काढता नाकी नऊ येतात.

उद्यमबाग_रिटायर
मग तरफेचंच करा. मी एका दुकानात बसवून दिलं होतं त्याचा आराखडा सांगतो, तुमच्या लेथप्रमाणे मापं बदला.

टॉप स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची लहान फिरती स्लाइड) काढा. क्रॉस स्लाइडच्या टी-बोल्टवर २० मिमी जाड एम.एस. (मऊ पोलाद) प्लेटचा तळ बसवा. त्यावर दोन उभ्या प्लेटा, त्यांत गनमेटलचे बुश (रॉड ज्यातून सरकतो त्या नळ्या). बुशातनं धावणारा रॅम म्हणजे ३० मिमीचा हार्ड क्रोम रॉड. हायड्रॉलिक सिलिंडरचे वाकलेले रॉड उद्यमबागेतल्या भंगारात मिळतात, त्यातला सरळ तुकडा बघून घ्या. रॉडला लांबीत ६ मिमीचा चर पाडून त्यात एक मार्गदर्शक चावी ठेवा, नाहीतर रॅम स्वतःभोवती फिरेल आणि की-वे मळसूत्रासारखा तिरका जाईल. क्रोमचा थर कडक असतो, चर पाडण्याआधी तेवढ्या पट्टीवरचा थर ग्राइंडरनं उडवा.

तरफ ६०० मिमी, २५ × १२ ची पट्टी. तरफ आणि रॅम थेट जोडू नका. तरफेचं टोक कमानीत फिरतं, रॅम सरळ जातो. मध्ये दोन पिनांची लहान लिंक घाला. पिना ढिल्या नकोत, भोकं रीम करून (रीमरनं नेमक्या मापाला आणून) बसवा. तिथली अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई टूल कटात शिरताना धक्का होऊन येते, आणि टूलचा कोपरा तुटतो तो तिथंच.

स्ट्रोक ८० ते ९० पुरे. ५० चा हब, दोन्हीकडं दहा-पंधरा मोकळं. जॉबच्या मागं चकाच्या तोंडाशी टूल बाहेर पडायला जागा सोडायला विसरू नका. टूल बारच्या अगदी टोकाला नसतं, त्याच्या पुढं बार आठ-दहा मिलिमीटर उरलेला असतो, तोही त्या जागेत मावला पाहिजे.

बार तुमच्या २८ च्या बोअरला २० चा, ईएन ८ चा (मध्यम कार्बनचं पोलाद). टूल बाहेर ५ मिमी ठेवा, म्हणजे पूर्ण खोली गाठता येते आणि सुरुवातीला बारची पाठही समोर घासत नाही. टूल गोल १० मिमी एचएसएस (हायस्पीड स्टील), बारला १० चं आडवं भोक रीम करून. टोकाकडून लांबीत एम ६ चा अॅलन ग्रब (बिनडोक्याचा) स्क्रू.

काकती_ब्रॉच
बार जाड घेता येईल तेवढा घ्या असं मीही सांगेन. वाक व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. २० च्या जागी १६ चा घेतलात तर वाक जवळजवळ अडीचपट. आणि बाहेर काढलेली लांबी दुप्पट केलीत तर आठपट! ५०० न्यूटनचा आडवा जोर धरला तर २० चा बार ७० मिमी बाहेर असताना तीन-साडेतीन शतांश मिलिमीटर मागं सरतो. कट तेवढाच दिलेला असेल तर टूल नुसतं घासतंय, कापत नाही. म्हणून प्रत्येक दोन-चार कटांनंतर क्रॉस स्लाइडचा डायल न हलवता रिकामे स्ट्रोक मारायचे, चिप यायची थांबेपर्यंत.

मी स्वतः प्रेसवर ब्रॉच (चढत्या दातांची, भोकातून दाबून काढायची पट्टी) वापरतो. ओएचएनएसचा (टूल स्टीलचा) घरी केलेला ब्रॉच, बुशमध्ये घालून, शिम (पातळ पत्रे) घालत घालत. एकच माप शंभर नगांना मारायचं असेल तर ब्रॉचला तोड नाही. पण तुमचं रोज वेगळं माप, रोज वेगळा बोअर. प्रत्येक मापाला ब्रॉच आणि बुश करत बसलात तर धंदा कधी करणार?

स्वाती_मेक
माझी एक भर, कारण इथं बरेच जण फसतात. चावी ८ × ७ ला हबमधली खोली ३.३ आणि शाफ्टमधली ४.०, हे तक्त्यात मिळतं (२२ च्या पुढं ३० पर्यंतच्या शाफ्टला). पण ३.३ हे कुठून मोजायचं? बोअरच्या वर्तुळाच्या माथ्यापासून. तुमचं टूल सपाट आणि ८ रुंद आहे. ते बोअरला टेकतं तेव्हा आधी त्याचे दोन कोपरे टेकतात, मधोमध अजून फट असते. २८ च्या बोअरमध्ये ही फट ०.५८ मिमी भरते. म्हणजे कोपरे टेकल्यावर डायल शून्य केलात, तर पुढं ३.३ नाही, ३.८८ जायचं आहे. ३.३ वर थांबलात तर चावीच्या डोक्यावर पुली चढणारच नाही, आणि मग लोक चावी वरून घासतात.

दुसरं, डायल व्यासात वाचतो की त्रिज्येत, ते आधी डीटीआय (काट्याचा डायल इंडिकेटर) लावून बघा. काही लेथवर डायल व्यासाचं माप दाखवतो, तिथं ३.८८ साठी ७.७६ फिरवावं लागेल.

शेवटची तपासणी डायलवर सोडू नका. की-वेच्या तळापासून समोरच्या बोअरपर्यंत व्हर्निअर लावा: ३१.३, अधिक ०.२ पर्यंत चालतं. रुंदी नेहमीच्या बसणीला ८ च्या दोन्ही बाजूंना ०.०१८. ब्राइट बारची चावी स्वतः ८.००० ते ७.९६४ मध्ये असते, तेव्हा टूल ग्राइंड करताना कटिंग कडेची रुंदी मायक्रोमीटरनं ८.०० च्या आसपास आणा आणि मागं दोन्ही बाजूंना एक-दीड अंश उतार द्या. बाजू समांतर ठेवलीत तर टूल खाचेत आवळेल. बिडाला वरचा रेक (चिप जिथून सरकते त्या तोंडाचा उतार) शून्य, पोलादाला दहा-बारा अंश, आणि कडेखालचा क्लिअरन्स पाच-सहा.

खानापुरी_टर्नर
स्वातीताई, ०.५८ चं गणित कुठल्याही बोअरला कसं काढायचं?

स्वाती_मेक
त्रिज्येचा वर्ग, त्यातून टूलच्या निम्म्या रुंदीचा वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ, ते त्रिज्येतून वजा. १४ चा वर्ग १९६, वजा १६, उरले १८०. मूळ १३.४२. १४ मधून गेले, ०.५८. मोबाइलवर होतं.

खानापुरी_टर्नर
समजलं. आता टूल बरोबर सेंटरला आहे हे कसं ओळखायचं? उभ्या दिशेत रुंदीचा मध्य सेंटरवर पाहिजे ना?

उद्यमबाग_रिटायर
हो, आणि हे डोळ्यानं होत नाही. अर्धा मिलिमीटर वरखाली गेलात तर चावी एका बाजूला धरते आणि पोरगं कानस घेऊन बसतं.

सोपी रीत सांगतो. भंगारातला गोल तुकडा चकात धरून तोंड स्वच्छ फेस करा. त्यावर मोरचुदाचं पाणी लावा, तोंड तांबूस होतं. स्लॉटिंगचं टूल बारमधून एवढं बाहेर काढा की बारचं टोक तुकड्याच्या बाहेरच राहील आणि टूल मध्याच्या पलीकडं पोचेल; मग ते त्या तोंडाला हलकं टेकवून क्रॉस स्लाइडनं आडवं ओढा. टूलचे दोन्ही कोपरे दोन समांतर रेघा काढतील, आठ मिलिमीटरच्या अंतरानं. आता टूल मागं घ्या, चक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा ओढा. टूल सेंटरला असेल तर नव्या रेघा जुन्यांवर बसतात. नसेल तर रेघांच्या जोड्या दिसतात, आणि जोडीतलं अंतर म्हणजे चुकीच्या दुप्पट. जोडीत ०.४ दिसलं तर तळाखाली ०.२ ची शिम घाला किंवा काढा. अर्धा फेरा नेमका झाला नाही तर रेघा किंचित तिरक्या येतात, घाबरू नका, मधोमध माप घ्या.

आणि हे करताना मेन स्विच बंद. नुसतं लेथचं बटण नाही, भिंतीवरचा मेन. चक बांधलेला असताना कुणी चुकून मोटर चालू केली तर तरफ, बार आणि तुमचा हात सगळं एकाच जागी असतं. दुकानात पोरं असतील तर फ्यूज काढून खिशात ठेवा.

चक बांधायला सगळ्यात खालचा गिअर टाका. एवढ्यानं भागत नाही, गिअरच्या दातांत खेळ असतो. जबड्याखाली बेडवरून लाकडी ठोकळा आणि पाचर मारा, दोन्ही बाजूंनी.

मच्छे_सीएनसी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा डच की का नाही करत? शाफ्टवर पुली बसवायची, दोघांच्या सांध्यावर तोंडाकडून ड्रिल मारायचं, अर्धं भोक शाफ्टात, अर्धं हबात. त्यात गोल पिन ठोकली की झालं. ना स्लॉटर, ना ब्रॉच.

काकती_ब्रॉच
दोन्ही धातू सारखे असतील तरच. इथं शाफ्ट ईएन ८ आणि पुली बिडाची. ड्रिल मऊ बाजूला सरकतं, भोक सगळं बिडात जातं. शिवाय पुली शाफ्टच्या टोकाशी सपाट बसत असेल तरच ते जमतं. गिरणीची पुली मोटरच्या खांद्यापर्यंत आत जाते. आणि उद्या मोटर जळाली आणि दुसरी बसवायची झाली तर नवीन मोटरच्या शाफ्टात की-वे तयार असतो. तुमच्या पुलीत अर्धं गोल भोक. मग काय करणार?

मच्छे_सीएनसी
हे खरं. मोटरचा मुद्दा लक्षात नव्हता.

खानापुरी_टर्नर
मंडळी, बांधलं. अण्णांच्या मापानं, फक्त तरफ थोडी लांब घेतली. कालच गिरणीच्या पुलीवर चालवलं. बेडवर जुनी सतरंजी अंथरली, कारण बिडाचा भुगा स्लाइडमध्ये गेला की संपलं. तेल न लावता कोरडंच मारलं.

पहिले काही स्ट्रोक नुसते दोन्ही कोपऱ्यांतून काळी पूड आली, मधे काहीच नाही. ताईंनी सांगितलं नसतं तर मला टूल तिरकं लागलंय असंच वाटलं असतं. मग कट रुंद होत गेला आणि खोवलेल्या खोबऱ्यासारखा भुगा बाहेर पडायला लागला. आवाज एकसारखा, चर्र चर्र. ०.०५ नं गेलो, शेवटी ०.०२. ८ च्या टूलनं एकदम न जाता आधी ६ रुंदीच्या टूलनं खोली काढली, मग ८ चं लावलं. त्यानं थरथर एकदम कमी झाली.

एक गोष्ट मात्र खटकते. बाहेरच्या तोंडाशी ३१.३५ भरतंय आणि चकाकडच्या तोंडाशी ३१.२२. रिकामे स्ट्रोक मारले तरी. चावी आत जाताना शेवटी अडते. कशानं?

उद्यमबाग_रिटायर
शाबास! फरकाचं कारण रॅम. कॅरेजच्या चाकावर मारलं असतं तर बार ठरलेल्या लांबीचाच राहतो, वाक सगळीकडं सारखा. तुमच्या रॅममध्ये मात्र टूल जसं आत जातं तसा रॅम पुढच्या बुशातून जास्त जास्त बाहेर येतो, म्हणजे चकाकडच्या टोकाला वाक सगळ्यात जास्त. पुढचा बुश जॉबच्या जेवढा जवळ नेता येईल तेवढा न्या. बुशाचं तोंड जॉबपासून बोटभर अंतरावर असलं तरी चालेल.

तेवढ्यानं गेलं नाही तर टूल उलटं लावून ओढून कापा. ढकलताना बार पुढून दाबला जातो आणि टूल आत रुतायला बघतं, ओढताना बार ताणात राहतो. आणि पुढच्या बुशात खेळ आहे का तेही बघा, डीटीआय लावून रॅम हातानं वरखाली हलवा.

निपाणी_शेपर
परतीच्या स्ट्रोकचं काय करताय? टूल घासत मागं येत असेल तर एचएसएसची कड लवकर जाते.

खानापुरी_टर्नर
प्रत्येक वेळी क्रॉस स्लाइड अर्धा फेरा मागं घेतो, मग परत त्याच आकड्यावर. वेळ जातो, खरं टूल टिकतं. स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलतानाचा खेळ) असल्यानं नेहमी एकाच दिशेनं आकड्यावर यायचं, हे पाळतो.

चिकोडी_गुऱ्हाळ
चांगला धागा. आमचा प्रश्न जरा वेगळा. गुऱ्हाळाच्या इंजिनाच्या फ्लायव्हीलला डोक्याची चावी असते, उतरती. तिला हबमधला की-वे पण उताराचा पाहिजे. हे तरफेच्या स्लॉटरवर जमेल काय?

उद्यमबाग_रिटायर
जमतं, आणि स्लॉटिंग मशीनपेक्षा सोपं जमतं. अशा डोक्याच्या (गिब) चावीला उतार १०० ला १ असतो. म्हणजे ०.५७ अंश, ३४ मिनिटं. टॉप स्लाइडचा फिरता तळ तसाच ठेवून त्यावर स्लॉटर बसवला असेल तर तळ तेवढा फिरवायचा. अंशांच्या रेघांवर विसंबू नका, एवढा बारीक कोन तिथं दिसत नाही. डीटीआय रॅमला लावून चकातल्या सरळ बारवर ५० मिमी चालवा, काटा ०.५ सरकला पाहिजे. खोल बाजू त्या तोंडाकडं ठेवा जिकडून चावी ठोकणार आहात. उलटं झालं तर चावी आत जाणारच नाही, आणि फ्लायव्हील काही हलकं नसतं परत चकावर चढवायला.

फ्लायव्हील मोठं असेल तर आधी लेथच्या गॅपमध्ये (चकासमोरच्या बेडमधल्या खाचेत) मावतंय का बघा.

खानापुरी_टर्नर
म्हणजे मी टॉप स्लाइड काढून टाकली ते चिकोडीकरांच्या कामाला अडचणीचं. बघतो, दुसरा तळ करता येईल.

स्वाती_मेक
दुसरा तळ करणार असाल तर तळाच्या कडेला एक संदर्भ पट्टी बसवा, क्रॉस स्लाइडच्या कडेला टेकणारी. मग स्लॉटर काढून परत लावताना दर वेळी डीटीआय घेऊन बसावं लागणार नाही. सेंटरची उंची शिमवर ठरलेली राहते, दिशा पट्टीवर.

खानापुरी_टर्नर
हे आवडलं. शेवटचा एक प्रश्न: रोटाव्हेटरच्या एका कपलिंगला समोरासमोर दोन की-वे आहेत. अर्धा फेरा नेमका कसा घ्यायचा? रेघांच्या चाचणीत तिरकं चालतं, इथं नाही.

उद्यमबाग_रिटायर
हेडस्टॉक उघडून स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरचे दात मोजा. सम संख्या असेल, समजा ६०, तर एका दाताच्या गाळ्यात खडूची खूण करा आणि एकतिसाव्या गाळ्यात दुसरी. हेडस्टॉकच्या आतल्या भिंतीला एक टोकदार खुंटी स्क्रूनं अशी बसवा की ती दोन दातांच्या गाळ्यात घट्ट शिरेल. पहिला की-वे झाला की खुंटी काढायची, स्पिंडल फिरवून दुसऱ्या खुणेच्या गाळ्यात परत घालायची. ६० दातांवर तीन की-वे पण येतात, वीस-वीस दातांनी. विषम दात असतील तर त्याच स्पिंडलच्या मागच्या टोकाला सम दातांचा चेंज गिअर (बदलता येणारा गिअर) चढवता येतो का बघा.

खुंटी फक्त कोन धरायला आहे, कटाचा रेटा सोसायला नाही. पाचर प्रत्येक वेळी मारायचीच.